कमलाबाईची पारख

बोरगाव मेघेच्या कमलाबाईच्या नजरेतून काही सुटत नसे. हे तिनं स्वतःच इतक्यांदा सांगितलं होतं की शेवटी गावानंही ते मान्य करून टाकलं होतं. वर्ध्याच्या एका जिनिंगमध्ये ती अठरा वर्षं कापूस निवडायला जात होती. ढिगातून किडका, पिवळा पडलेला कापूस वेगळा काढायचा. त्याला कवडी म्हणतात. बाकीच्या बायांच्या हातून चार-दोन बोंडं निसटायची, कमलाबाईच्या हातून एकही नाही. मुकादम तिच्या ढिगाकडे बघायलाही यायचा नाही. पंचाईत एवढीच होती की जिनिंगमधून घरी येताना ती हात धुऊन यायची, डोळे मात्र तसेच घेऊन यायची.

दूधवाला पाणी घालतो, हे तिला दुधाच्या आवाजावरून कळायचं म्हणे. बसचा कंडक्टर तिकीट फाडताना दुसरीकडे बघतो, म्हणजे नक्की काहीतरी आहे. शेजारची अनुसयाबाई विनाकारण गोड बोलली, तर कमलाबाई रात्रभर कारण शोधायची आणि सकाळपर्यंत तिला ते सापडायचंच. ही बाई वाईट नव्हती. बाळंतिणीसाठी धावून जायची, कुणाच्या मयताला सगळ्यांत शेवटी घरी परतायची. पण विश्वास टाकायचा म्हटलं की तिचा हात आखडायचा.

नवरा बाबाराव जाऊन अकरा वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा प्रेमदास एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होता. त्याचं लग्न तिनं जाम गावच्या बंडूजीच्या मुलीशी, कांताशी लावून दिलं होतं. बंडूजीचं हमरस्त्याच्या फाट्यावर शेतीच्या औषधांचं लहानसं दुकान होतं. कांता दहावी झालेली, कमी बोलणारी. आता कमी बोलणाऱ्या माणसाच्या पोटात काय आहे ते कळत नाही, आणि जे कळत नाही त्याचा कमलाबाईला फार त्रास व्हायचा. तरी लग्नाला दोन वर्षं होऊन गेली, कांताला दिवस गेले, आणि घर बरं चाललं होतं.

१९८३ सालच्या दिवाळीनंतर प्रेमदास खंगायला लागला. जेवण जाईना, दोन पायऱ्या चढला की बसायचा. एका सकाळी तोंड धुताना कमलाबाईनं त्याचा चेहरा उजेडाकडे वळवला.

"तुहे डोये पिवये दिसून राह्यले, प्रेमदास."

"झोप झाली नाई, माय."

"झोपेनं लाल होतेत, पिवये नाई होत."

पिवळं ओळखण्यात तिची चूक होण्याचा प्रश्नच नव्हता. दुपारी अनुसयाबाई येऊन म्हणाली की पलीकडच्या गावात एकजण काविळीची माळ देतो. ती डोक्यावर ठेवायची, रोज वाढत वाढत खाली उतरते, पायापर्यंत आली की कावीळ गेली. कमलाबाईनं तिला दारातूनच वाटेला लावलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ती अंगावर पहिलं लुगडं आलेली पोर होती. बापानं घरातले देव टोपलीत घालून नदीला नेले, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून त्या घरात माळ नाही, गंडा नाही, भगत नाही. मूठ मारली, करणी केली, असं बोलणाऱ्याला ती उभं करत नसे. आजाराला कारण असतं आणि ते शोधलं की सापडतं, असं ती सांगायची, आणि बरोबरच सांगायची.

पण दुसऱ्या एखाद्या घरातली सासू जिथे करणीवर थांबली असती, तिथे कमलाबाईला थांबता येईना. करणी नाही, तर मग काय? कारण तर पाहिजे. आणि ते हाताला लागेल, डब्यात मावेल, असं पाहिजे.

तिनं विचार केला तो असा. तिघंही एकाच चुलीवरचं खातात. पाणी एकाच हातपंपाचं. मग पोराला झालं आणि सुनेला का नाही? सून तर टवटवीत. पोटुशी बाई, नीट जेवते, नीट झोपते. जे पोराच्या ताटात पडलं ते हिच्या ताटात पडलं नाही, असाच त्याचा अर्थ. आणि ताट वाढतं कोण?

एकदा ही गाठ बसल्यावर बाकीचं सापडत गेलं. मागच्या छपरीत कांताच्या ट्रंकेमागे फवारणीच्या औषधाचा डबा होता. एंड्रीन. बापाच्या दुकानातला. डबा अर्धा रिकामा होता. कमलाबाईनं तो जागेवरून हलवला नाही, फक्त कांता छपरीत किती वेळा जाते ते बघत राहिली. चार दिवसांनी तिनं प्रेमदासला विचारलं.

"वालाच्या वेलावर मावा पडलता, मीच मारलं औषध," तो भिंतीला टेकून म्हणाला. "काऊन?"

"काई नाई. असंच."

पोरगा बायकोला पाठीशी घालतो आहे, हे तिनं लगेच ओळखलं. खरं सांगणारा माणूस इतक्या पटकन उत्तर देत नाही, असं तिचं मत होतं. हळू दिलं असतं, तर तेही तिनं ओळखलंच असतं.

ती आधी जिनिंगमध्ये, गावातूनच सोबत कामाला येणाऱ्या देवकाबाईपाशी बोलली. नाव घेऊन नाही. "ज्याच्या घरात औषधाचं दुकान, त्याच्या पोरीच्या हाताचं जपून खावं," एवढंच. देवकाबाईनं हातातलं बोंड खाली ठेवलं. मग हातपंपावर, मग विहाराच्या ओट्यावर, मग अनुसयाबाईच्या घरात. चारच ठिकाणी ती बोलली, पण बोरगावात चार ठिकाणं पुष्कळ होतात. प्रेमदासला पोटात कळा येऊन मोठ्या दवाखान्यात भरती केलं, त्याच दिवशी संध्याकाळी तिनं कांताला उभं राहून विचारलं.

"काय घातलं त्याच्या जेवणात?"

कांताला आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर ती चुलीपासून उठली.

"आत्या, मी त्याईले काई देईन का?"

"मंग तुले काऊन नाई झालं?"

याला कांताजवळ उत्तर नव्हतं. कुणाजवळ असणार? ती उत्तर शोधत उभी राहिली आणि कमलाबाईला तेवढं पुरलं. पाचवा महिना लागलेल्या त्या पोरीचं गाठोडं तिनं ओसरीवर आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बंडूजी आला आणि पोरीला घेऊन गेला. हातपंपावरच्या बाया पाणी भरायचं थांबवून बघत होत्या.

दवाखान्यात प्रेमदासवर एक डॉक्टरीणबाई उपचार करत होत्या. चाळिशीच्या, चष्मा लावणाऱ्या, भराभर चालणाऱ्या. कमलाबाई त्यांच्या मागे लागली.

"बाई, विष उतरवायचं औषध द्या."

"कसलं विष?"

"ते तुम्ही शोधा. मी नाव नाई घेत."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. रक्त तपासायला पाठवलं आहे, ऑस्ट्रेलिया अँटिजेन नावाची तपासणी आहे, असं त्या म्हणाल्या. कमलाबाईचा संशय आता त्यांच्यावरही बसला. आमच्या घरचं कुणी नागपूरच्या पलीकडे गेलं नाही, आणि ही बाई ऑस्ट्रेलिया काढते! डॉक्टरीणबाई हसल्या. नुसतं नाव आहे ते, एका प्रकारच्या काविळीची रक्तातली खूण, म्हणाल्या. पुढे त्यांनी पोराच्या बरगडीखालून सुई घालून यकृताचा दोऱ्याएवढा तुकडा काढला, तेव्हा कमलाबाई दाराबाहेर उभी राहून आत किती माणसं गेली आणि किती बाहेर आली हे मोजत होती.

आठवड्यानं त्यांनी तिला आत बोलावलं. टेबलावर सूक्ष्मदर्शक होता.

"तुम्ही कापूस निवडता ना? तुमची नजर चांगली असणार. बघा."

हे मात्र कमलाबाईला आवडलं. सांगीवांगीपेक्षा डोळ्यांनी बघणं तिला पटायचं. तिनं एक डोळा मिटून दुसरा नळीला लावला. आधी नुसता उजेड. मग फिक्या गुलाबी रंगाची घरटी घरटी, आणि त्यांच्यामध्ये गर्द निळे ठिपके. कुठे दोन-चार, कुठे नुसती झुंबड.

"गुलाबी ते तुमच्या मुलाचं यकृत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "निळे ठिपके म्हणजे त्याच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी. शरीराचे राखणदार."

"अन् विष कुठं हाय?"

"विष नाही. विषानं यकृत मेलं तर ते वेगळं दिसतं, अशी गर्दी होत नाही. याच्या यकृताच्या पेशींमध्ये एक विषाणू शिरून बसला आहे. इतका बारीक की या यंत्रातूनही दिसत नाही."

"मंग त्यानं खाल्लं यकृत."

"नाही. तीच तर गंमत आहे. तो विषाणू आत नुसता राहतो, फारसं काही बिघडवत नाही. बोंडात अळी शिरली तर तुम्ही काय करता?"

"बोंड तोडून फेकतो. आतली अळी बाहेरून कशी मरन?"

"हे राखणदार तेच करतात. ज्या पेशीत तो बसला आहे असं त्यांना दिसतं, ती पेशीच मारून टाकतात. एकानं ओळखलं की तो बाकीच्यांना बोलावतो. आलेल्या गर्दीत कोण नेमकं मारतं, कोण उगाच हात चालवतं, ते सांगता येत नाही. चांगल्या पेशीही जातात. त्यानं यकृत सुजतं, डोळे पिवळे होतात."

कमलाबाईनं पुन्हा नळीला डोळा लावला.

"म्हंजे नुकसान त्याच्याच रक्तानं केलं."

"हो. आणि त्यांनी हातच चालवला नाही, तर रोग तसाच राहतो. कमी केलं तर रोग हटत नाही, जास्त केलं तर यकृत जातं. तुमच्या मुलाचं थोडक्यात निभावेल असं वाटतं आहे."

आपलं पोर वाचणार, हे ऐकून दुसरी आई रडली असती. कमलाबाईलाही रडू आलं होतं, पण तिचा एक प्रश्न बाकी होता. तो विचारल्याशिवाय ती रडणार नव्हती.

"मंग तो आत शिरला कसा? घातला कोणं?"

"ते शोधायचं तर घरातल्या सगळ्यांचं रक्त लागेल. सूनबाईंचं आधी, कारण त्यांच्या पोटात मूल आहे. त्या कुठे आहेत?"

कमलाबाईनं पदर सारखा केला. माहेरी आहे, म्हणाली. निरोप गेल्यावर बंडूजी कांताला घेऊन आला, तेव्हा ते दोघं व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. कांतानं सासूकडे पाहिलं नाही. कमलाबाई मात्र तिच्याकडे बघत होती. आता सापडेल, असं तिच्या मनात अजूनही होतं. रक्तातून काहीही निघो, ते हिच्याच रक्तातून निघणार.

कांताचं रक्त स्वच्छ निघालं. निघालं ते कमलाबाईच्या रक्तात.

डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं. असं पुष्कळांचं असतं. तुमच्या अंगात तो वर्षानुवर्षं आहे, कदाचित तुमच्या जन्मापासून. तुमच्या राखणदारांनी त्याला घरातलाच मानलं, म्हणून तुम्ही कधी आजारी पडला नाहीत. बाळंतपणात आईचं रक्त मुलाला लागतं, त्यातून तो प्रेमदासकडे गेला. त्याच्याही अंगात तेवीस वर्षं गप्प होता. आता त्याच्या पेशींनी तो परका आहे हे ओळखलं, आणि हे सगळं झालं. यात तुमचा दोष नाही.

"मले तर कधी काई झालंच नाई," कमलाबाई म्हणाली.

"हो. म्हणूनच कुणाला कळलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काही लिहिलं आणि सहज विचारलं, "घरात आणखी कुणाला यकृताचा त्रास होता?"

"माह्या मालकाले. पोटात पाणी झालतं. दारूनं."

"किती प्यायचे?"

बाबाराव शपथ घेऊन सांगायचा की मी थेंब घेत नाही. कामावरून आला की ती त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. वास कधी आला नव्हता. वेलदोडा खाऊन येतो, असं तिनं ठरवलं होतं. पोट फुगून खाटेवर पडला होता, तेव्हाही त्याची उशी उचलून तिनं बाटली शोधली होती. शेवटच्या आठवड्यात त्यानं शपथ घेणं सोडून दिलं होतं.

"पिताना पाहिलं होतं का तुम्ही?"

"नाई," कमलाबाई म्हणाली.

त्यांनाही हाच आजार होता की काय, हे आता सांगता येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कमलाबाईला तेवढंच पुरलं. ती व्हरांड्यात येऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणाचं काही शोधावंसं वाटेना. तिला स्वतःची लाज वाटली, आणि ती कुठे ठेवावी हे तिला कळेना.

प्रेमदास महिनाभरात घरी आला. डोळे निवळले. सहा महिन्यांनी रक्त तपासायला यायचं, असं सांगून त्याला सोडलं होतं. बायको माहेरी का गेली ते त्याला भेटायला आलेल्या वर्कशॉपातल्या लोकांकडून आधीच कळलं होतं. तो आईच्या हातचं जेवून उठायचा आणि ताट स्वतः धुवायचा. तिसऱ्या दिवशी कमलाबाईनं जामची बस धरली.

फाट्यावर उतरून ती दुकानासमोर उभी राहिली. बंडूजीनं खुर्ची दिली नाही. कांता आतून आली. पोट आता दिसत होतं.

"रोग माह्या रक्तात होता, कांता. तुह्या हातात नाई. मी चुकलो," कमलाबाई म्हणाली. "घरी चाल."

कांतानं दाराची चौकट धरली.

"येतो. पण एक करा, आत्या. जिथं जिथं बोलल्या तुम्ही, तिथं तिथं जाऊन सांगा. मी उद्या तिथं पोर घेऊन राहीन. त्या पोराच्या मायचं नाव तेच राह्यलं तर मी कायले येऊ?"

हे तिचं सगळं मागणं होतं, आणि ते रास्त होतं. कमलाबाईनं कबूल केलं. पोराचा संसार आता याच एका गोष्टीवर होता.

आणि तिनं ते केलं. तोंड चुकवलं नाही, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. हातपंपावर सांगितलं, विहाराच्या ओट्यावर सांगितलं, अनुसयाबाईच्या घरात खाली बसून सांगितलं. "कांतानं काईच केलं नाई. मलेच तो रोग हाय, माह्यापासून पोराले गेला." राखणदार, बोंड, अळी, सगळं समजावलं. बाया ऐकून घ्यायच्या. मान हलवायच्या. कमलाबाई उठली की एकमेकींकडे बघायच्या.

शेवटी जिनिंगमध्ये देवकाबाई. तिनं सगळं ऐकलं, इकडेतिकडे पाहिलं आणि जवळ सरकली.

"कमलाबाई, खरं सांगजा. तिनं तुमालेबी काई खाऊ घातलं का?"

कमलाबाईनं एक पिवळं बोंड उचलून बाजूला टाकलं.

"नाई म्हंजे, सासू सुनेपायी घरोघर जाऊन माहीच चूक म्हन्ते, असं कुठं असते का?" देवकाबाई म्हणाली. "आधी म्हने डब्बा अर्धा होता. आता म्हने माहंच रक्त खराब. धडधाकट बाई तुमी. तुमाले रोग असता तर तुमी खाटेवर नसत्या पडल्या का?"

ही बाई आपल्यासारखंच बोलते आहे, हे कमलाबाईला कळत होतं. आपण कांताला जसं विचारलं होतं तसंच. हिला उत्तर देता येत नाही, हेही कळत होतं. "नाई पडलो," एवढंच ती म्हणाली. देवकाबाईनं समजल्यासारखी मान हलवली आणि पुन्हा कापसाला हात लावला.

कांता घरी परत आली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण कांताला आई नव्हती आणि दवाखाना बोरगावपासून जवळ होता. म्हणून एप्रिलअखेर इथेच मुलगी झाली. बारशाला कमलाबाईनं घर सारवलं. विहारातल्या एका म्हाताऱ्यानं त्रिशरण-पंचशील म्हटलं, बायांनी पाळणा हलवला. सगळ्या आल्या होत्या. कांतानं पहाटे उठून स्वतःच्या हातानं गहू-हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवल्या होत्या, गूळ-खोबरं घालून. मोठं पातेलं भरून. प्रेमदास वाढत होता आणि बाया पदर पुढे करत होत्या. मूल किती गोड आहे, नाक कुणावर गेलं, असं बोलत पदराला गाठ मारत होत्या. घरी नेऊन खातो, पोराईले देतो, असं एकीमागून एक म्हणत होत्या.

तिथे बसून कुणी एक दाणाही तोंडात टाकला नाही. प्रेमदासला ते दिसलं नाही. पाळण्यापाशी बसलेल्या कांतालाही दिसलं नाही. ती आज दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळी हसत होती.

कमलाबाई बायांना सोडायला कोपऱ्यापर्यंत गेली. वळणापलीकडे, हातपंपाच्या डबक्याशी, अनुसयाबाईनं पदराची गाठ सोडली. मग तिच्या मागच्या बाईनं. कुणी आजूबाजूला बघितलं, कुणी बघितलंही नाही. कोंबड्या धावत आल्या. देवकाबाईनं पदर दोनदा झटकला, मग पंपाखाली धरून तो कोपरा चोळून धुतला.

कमलाबाई तिथेच उभी राहिली. ओरडावं असं तिला वाटलं. पण ओरडून काय सांगणार? जे सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं. ती घरी परतली.

कांता पाळण्याची दोरी हातात धरून बसली होती. तिनं वर पाहिलं.

"खाल्ल्या का सगळ्याईनं? बऱ्या झालत्या का घुगऱ्या?"

कमलाबाईनं पातेल्यात उरलेल्या घुगऱ्या वाटीत घेतल्या आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली. आजवर जे डोळ्यांना दिसलं ते तिनं कधी पोटात ठेवलं नव्हतं.

"वाटीवाटीनं मागून घेतल्या," ती म्हणाली, आणि खाऊ लागली.